मिशीचे बारा सांधे

आपल्या घरात मुंग्या दोनच प्रकारच्या: चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या. चावणारी लाल, न चावणारी काळी. त्यापलीकडे फार तर मुंगळा, आणि माणूस कोकणातलं असेल तर आंब्यावरचे ओंबील. एवढ्या ज्ञानावर आपलं पिढ्यान्‌पिढ्या भागलं आहे. शास्त्रज्ञांनी मात्र भारतातल्या मुंग्यांची २०१६ साली यादी केली, तेव्हा ती ८२८ जाती-उपजातींवर जाऊन थांबली. त्यातल्या २५६ भारताबाहेर कुठेच सापडलेल्या नाहीत. जगभरचा आकडा १४ हजारांच्या पुढे आहे. मग दगडाखाली सापडलेली एक वसाहत यातली नेमकी कोणती, हे सांगायचं तरी कसं?

एक वसाहत घेऊन बघू. पाऊस सरत आलेला असताना पुण्याच्या एखाद्या टेकडीवर तळहाताएवढा चपटा दगड उलथला की बऱ्याचदा हे दृश्य दिसतं. जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या, तपकिरी रंगाच्या शेकडो मुंग्या क्षणात पांगतात. ज्या पळत नाहीत त्या आधी पांढऱ्या अळ्या तोंडात धरतात आणि मग पळतात. त्यांच्यात मधूनच काही विचित्र मंडळी दिसतात. अंग थोडंच मोठं, पण डोकं असं की उरलेलं शरीर त्याच्यामागे फरपटत चाललंय असं वाटावं. एका कोपऱ्यात गवताच्या बियांचा साठा असतो, आणि बिळाच्या तोंडाशी बाहेर फेकलेल्या फोलपटांची कडी. नशीब असेल तर फुगीर पाठीची राणी आत शिरताना ओझरती दिसते.

नाव शोधायला बसलं की पहिल्यांदा रंग विसरायचा. ज्यावरून आपण आयुष्यभर मुंग्या ओळखल्या, ते लक्षण सगळ्यांत कच्चं आहे. कोशातून नुकती बाहेर आलेली मुंगी फिकट असते, पुढच्या काही दिवसांत ती गडद होत जाते. त्यामुळे एकाच बिळात, एकाच आईच्या पोटच्या मुंग्या पिवळट आणि काळपट अशा दोन्ही सापडतात.

दुसरी गोष्ट, दगडाखाली पळणारं सगळंच मुंगी नसतं. मुंग्यांच्या बिळात भाडं न देता राहणारे बिनपंखी रातकिडे असतात. ओंबिलांचं हुबेहूब सोंग घेणारा एक कोळी आहे. पाय मोजले तर आठ भरतात, तेव्हा कुठे तो पकडला जातो. आणि वाळवी तर मुंगी नव्हेच. म्हणी आणि गोष्टींमध्ये वारुळाचं श्रेय मुंग्यांना मिळालंय, पण माळावरची ती मातीची उंच शिखरं वाळवीची, आणि वाळवी झुरळांच्या घराण्यातली. तिची मिशी सरळ असते आणि कंबर जवळपास नसतेच. मुंगीची मिशी कोपरात वाकावी तशी मध्येच वाकलेली असते, आणि कंबर इतकी बारीक की छाती आणि पोट यांच्यामध्ये एखाद-दोन गाठीच काय त्या उरतात.

त्या गाठी मोजायच्या. ओळख पटवण्याची खरी सुरुवात इथे होते.

कमरेला एकच गाठ असेल तर वाट एकीकडे जाते. मुंगळा या बाजूचा. त्याला नांगी नाही. पोटाच्या टोकाला केसांची झालर असलेलं गोल छिद्र असतं. जबड्याने जखम करायची, पोट पुढे वळवायचं आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडायचं, ही त्याची रीत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फिरणारी, डोकं काळं आणि पोट जवळजवळ पारदर्शक असलेली बारकी मुंगीही एका गाठीचीच. पण तिच्या पोटाच्या टोकाला गोल छिद्र नसून आडवी फट असते. ती चिरडली की खवट खोबऱ्यासारखा वास येतो, आणि जाणकार माणूस भिंग न काढता नुसत्या नाकाने तिचं उपकुल सांगतो. एक गाठ, वर नांगी, आणि पोटाच्या पहिल्या वळ्यानंतर किंचित खाच असेल तर उपकुल तिसरंच.

दोन गाठी असतील तर दुसरी वाट. झाडाच्या खोडावर काळं डोकं, तांबडी छाती, काळं पोट अशी लांबोडकी मुंगी असते. तिचा दंश झालेला माणूस तिला विसरत नाही. तिला दोन गाठी असतात, पण डोळे भलेमोठे. आपल्या दगडाखालच्या मुंगीला दोन गाठी आहेत आणि डोळे टिंबाएवढे. म्हणजे ती मिर्मिसिनी या उपकुलातली. जगातल्या जवळपास निम्म्या मुंग्या याच उपकुलात मोडतात, त्यामुळे आपण अजून कुठेच पोहोचलेलो नाही.

आता मिशी. मुंगीची मिशी म्हणजे एक लांब दांडी आणि तिच्यापुढे एकामागोमाग जोडलेले छोटे सांधे. दांडी धरून हे सांधे मोजायचे असतात. ऐकायला सोपं वाटतं. दोन मिलिमीटरच्या मुंगीची मिशी केसाहून बारीक, आणि जिवंत मुंगी ती एक क्षण स्थिर ठेवेल तर शपथ. म्हणून अभ्यासक मोजक्या मुंग्या अल्कोहोलमध्ये ठेवतात. कार्डाचा बारीक त्रिकोण कापतात, त्याच्या टोकाला गोंदाचा ठिपका लावतात आणि मुंगीला पायांच्या मुळाशी, पोटाच्या बाजूने त्यावर चिकटवतात. म्हणजे डोकं, पाठ, कंबर सगळं मोकळं राहतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली, तिरक्या उजेडात, मिशी नखभर इकडून तिकडे वळवून मोजणी. टोकाचे सांधे आधीच्यांपेक्षा मोठे होऊन त्यांची गदा झालेली असते. त्या गदेत किती सांधे आहेत, तेही लिहून ठेवायचं. सह्याद्रीत झाडाच्या बुंध्याशी मातीचं गोल कडं करून राहणारी एक तपकिरी मुंगी आहे. तिच्या मिशीत उणेपुरे सातच सांधे भरतात, आणि तेवढ्यावर तिचा वंश ठरतो. (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट. नावातला पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा.)

मोठ्या डोक्याच्या, तांबूस-तपकिरी, बिया साठवणाऱ्या मुंगीसाठी तीन दावेदार उभे राहतात, आणि निवाडा मिशीच करते. दहा सांधे, गदेत दोन: सोलेनॉप्सिस, म्हणजे आग्या मुंगी. हिची उष्ण प्रदेशातली जी जाती आपल्याकडे आहे, ती मूळची अमेरिकेची, जहाजांतून जगभर पसरलेली. तिच्यातल्या थोरल्यांचीही डोकी मोठी असतात आणि त्याही बिया फोडतात. फसगत होते ती इथेच. अकरा सांधे, गदेत दोन: कॅरेबारा. बारा सांधे, गदेत तीन: फायडोली.

आपली मुंगी बारा सांध्यांची निघते. खात्रीसाठी छातीचा मागचा भाग बघायचा: फायडोलीला तिथे दोन बारीक काटे असतात, सोलेनॉप्सिसला नसतात.

कॅरेबाराला मात्र असं एका ओळीत उरकणं अन्याय होईल. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणाऱ्या कॅरेबारा डायव्हर्सा या जातीत सगळ्यांत थोरली कामकरी मुंगी सगळ्यांत धाकटीपेक्षा वजनाने तब्बल पाचशे पट असते. आई तीच, बीळ तेच, आणि दोघी बहिणी! छायाचित्रांत धाकट्या बहिणी थोरलीच्या डोक्यावर बसून प्रवास करताना दिसतात. आता समजा, तुम्ही या वसाहतीतली एकच मुंगी उचलून कुणा तज्ज्ञाकडे नेली. कोणती नेली, यावर त्याला पडणारं कोडंच बदलतं. पाचशे पटींच्या या दोन टोकांमधले सगळे आकारही कॅरेबारात सापडतात, तर आपल्या दगडाखाली स्पष्ट दोनच गट होते, बारक्या आणि डोक्याळ. फायडोलीच्या बहुतेक जातींत असंच असतं. हा पुरावा कोणत्याही एका मुंगीच्या अंगावर नसतो. तो पूर्ण वसाहतीत असतो.

डोक्याळ मुंग्यांच्या त्या अवाढव्य डोक्यात मेंदू भरलेला आहे असं कुणी समजू नये. तिथे आहेत स्नायू, जबडे मिटायचे. बारक्या गोळा करून आणतात त्या बिया या फोडतात, आणि प्रसंग पडला तर शत्रूचे पायही. फायडोलीच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या तर डोक्याळांच्या डोक्यावरच्या रेघा, खळगे, चकाकी हे बघावं लागतं. बारक्यांचे चेहरे एकमेकींशी इतके मिळतेजुळते की नुसत्या त्यांच्यावरून तज्ज्ञही सहसा जातीचं नाव सांगायला धजत नाही. एडवर्ड विल्सन यांनी २००३ साली फक्त उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या फायडोलींवर ग्रंथ लिहिला. त्यात ६२४ जाती आहेत, आणि त्यांतल्या ३३७ विज्ञानाला तोवर ठाऊकच नव्हत्या. आज जगभरात या वंशाच्या ११०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. मुंग्यांच्या सगळ्यांत मोठ्या वंशांपैकी हा एक.

आणि या प्रचंड वंशाची मुळं पुण्यात आहेत.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२० च्या दशकात मुंबई सरकारतर्फे दख्खनची पाहणी करत होते. गावं, पिकं, दर, पाऊस हे मोजणं त्यांचं काम. पक्षी, मासे आणि मुंग्या हा नाद. पुण्यात जूनमध्ये, पावसाळा लागल्यावर, सकाळच्या फेरफटक्यात त्यांना परेडच्या मैदानाजवळच्या पडीक जागेत गवताच्या बियांच्या लहान लहान राशी दिसल्या, मूठ-मूठभर; ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसाचे गडगडाट उरकल्यावर, पुन्हा तेच. मुंग्या जमिनीखाली भिजलेलं धान्य वर आणून उन्हात घालत होत्या. आपल्याकडे पाऊस उघडला की अंगणात वाळवण पडतं, ते कर्नलसाहेबांनी मुंग्यांच्या दारात पाहिलं. १८३५ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी भारतीय मुंग्यांवर लेख छापला आणि या मुंगीला नाव दिलं अट्टा प्रोव्हिडेन्स. अट्टा हा तेव्हा बऱ्याच मुंग्या एकत्र कोंबण्याचा वंश होता. चारच वर्षांनी जॉन वेस्टवूड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने ही पुणेरी मुंगी त्यातून बाहेर काढली आणि तिच्यासाठी नवा वंश उभा केला: फायडोली.

प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणे प्रत्येक वंश एका ठरावीक जातीला बांधलेला असतो. उद्या वंशाचे दहा तुकडे पडले तरी जुनं नाव त्या जातीकडेच राहतं. फायडोलीची ती जाती म्हणजे पुण्याची फायडोली प्रोव्हिडेन्स. ब्राझीलच्या जंगलात कुणी फायडोली शोधतो, ऑस्ट्रेलियात कुणी शोधतो. ती फायडोली आहे असं म्हणताना शेवटी तिचं नातं पुण्याच्या परेड मैदानालगतच्या मुंगीशी लावलं जातं. पुण्याच्या अभिमानाच्या यादीत ही मुंगी का नाही, हे मला कळलेलं नाही. यादी तशी लहान नसते.

साइक्ससाहेबांच्या त्याच लेखात आणखी दोन नग आहेत. एक मुंगी झाडावर शेणाच्या पातळ पापुद्र्यांचं, कौलं एकावर एक चढवल्यासारखं घरटं करते. आज ती क्रेमॅटोगॅस्टर वंशात आहे. दुसरीने त्यांच्या पुण्यातल्या व्हरांड्यात छळ मांडला होता. जेवणानंतरची फळं आणि मुरंबे ठेवलेल्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले, तर मुंग्या पाणी पार करून आल्या. पायांना टर्पेंटाइन फासलं, टेबल भिंतीपासून दूर सरकवलं. तेव्हा एक मुंगी भिंतीवर टेबलाच्या वर फूटभर चढली, आणि तिथून तिने थेट गोडावर उडी टाकली. साइक्सनी तिचं नाव ठेवलं फॉर्मिका इन्डेफेसा, म्हणजे न थकणारी. पाण्याच्या वाडग्याचा उपाय आपल्या घरांत अजून चालू आहे; मुंग्यांची उत्तरंही.

तर मग आपली टेकडीवरची मुंगी फायडोली प्रोव्हिडेन्सच का? पुण्याची, बारा सांध्यांची, बिया साठवणारी. मोह होतो, पण थांबावं. बिया साठवणाऱ्या फायडोली अनेक आहेत. जुनी वर्णनं आजच्या मानाने त्रोटक. बिंगहॅम यांचा १९०३ चा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’मधला मुंग्यांचा खंड आजही कपाटातून काढावा लागतो, पण त्यानंतर नावं फिरली, वंश फुटले, काही जाती एकमेकींत विलीन झाल्या. शेवटी डोक्याळ मुंगीच्या डोक्याची लांबी-रुंदी आणि मिशीच्या दांडीची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायची, आणि संग्रहालयातल्या अधिकृत नमुन्याशी ताडून बघायची. तेवढं होईपर्यंत चिठ्ठीवर ‘फायडोली, जाती अनिश्चित’ लिहावं. मला विचाराल तर ही चिठ्ठी आत्मविश्वासाने लिहिलेल्या चुकीच्या नावापेक्षा शंभर पटींनी उपयोगी. दुसऱ्याला ती पुढे नेता येते. चुकीचं नाव आधी कुणीतरी खोडून काढावं लागतं.

एकेकटी मुंगी बघून भलेभले फसले आहेत. कार्ल लिनियसनी १७६४ साली आफ्रिकेतल्या एका जाड, पंख असलेल्या कीटकाचं वर्णन गांधीलमाशी म्हणून केलं. तो निघाला डोरायलस या मुंगीचा नर. नर आणि कामकरी यांच्यात काडीचं साम्य नाही, आणि दोघं एका घरात कुणी पाहिलेली नव्हती. पावसाळ्यात आपल्याकडेही या वंशाचे नर दिव्यावर येतात. त्यांना मुंगी कोण म्हणेल? पुण्याचीच आणखी एक गंमत. वनखात्यातले अधिकारी रॉबर्ट राउटन यांनी पुण्यात गोळा केलेल्या एका बारक्या मुंगीवरून ऑगस्ट फोरेल या स्विस शास्त्रज्ञाने १८९० मध्ये नवा वंश काढला, एमेरिया. तिच्यातले नर पंख नसलेले, कामकऱ्यांसारखे दिसणारे. आज ती कार्डिओकॉन्डायला राउटोनी आहे आणि एमेरिया हा वंश उरलेला नाही. उलट, राणी सापडलीच पाहिजे हा हट्टही कामाचा नाही. डायाकॅमा या आपल्याकडच्या वंशात राणी नावाचा वेगळा प्रकारच नसतो. कामकऱ्यांपैकीच एकीचं मीलन होऊन ती अंडी घालते.

एवढा खटाटोप कशाला, डीएनए काढा की, असं कुणी म्हणेल. काढतातही. कीटकांची ओळख पटवण्यासाठी एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायची पद्धत आता रुळली आहे. हे जनुक मायटोकॉन्ड्रियामधलं, म्हणजे फक्त आईकडून आलेलं. ही बाब लक्षात ठेवून पुढचं वाचा.

२०२५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी मेसॉर आयबेरिकस या दक्षिण युरोपातल्या धान्य साठवणाऱ्या मुंगीबद्दल ‘नेचर’मध्ये लिहिलं. तिच्या वसाहतींत नर दोन तऱ्हांचे सापडत होते, काही केसाळ, काही जवळजवळ बिनकेसाचे. केसाळ नर आयबेरिकसचेच. बिनकेसाचे निघाले मेसॉर स्ट्रक्टर या दुसऱ्या जातीचे. बाहेरून घुसलेले म्हणावं, तर तेही नाही. त्यांना राणीनेच जन्म दिला होता. आयबेरिकसच्या राणीला कामकरी मुली हव्या असतील तर स्ट्रक्टरच्या नराचं बीज लागतं. सगळ्या कामकरी संकरित असतात. सिसिलीसारख्या ठिकाणी स्ट्रक्टरच्या वसाहतीच नाहीत, मग नर आणायचा कुठून? राणी तो स्वतःच जन्माला घालते: अंड्यातला स्वतःचा केंद्रकीय वारसा गाळून, साठवलेल्या बीजातून परक्या जातीच्या नराची नक्कल. या दोन जाती पन्नास लाख वर्षांहून अधिक काळापूर्वी वेगळ्या झालेल्या आहेत. एका आईच्या पोटी दोन जातींचे मुलगे, आणि कामकरी मुली दोन्हींच्या मधल्या!

आता त्या बिनकेसाच्या नराचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचा. मायटोकॉन्ड्रिया आईचा, म्हणून यंत्र सांगेल आयबेरिकस. अंगावर केस आहेत की नाहीत, हे भिंगातून बघणारा सांगेल, हा वेगळा आहे. इथे भिंगवाला जिंकतो. आणि नुसती एक कामकरी मुंगी नेणाऱ्याला तर ती कोणाची, याचं एका शब्दात उत्तरच नाही.

तेव्हा पुढच्या ऑक्टोबरात टेकडीवर गेलात आणि बियांच्या राशी दिसल्या, तर वसाहत उचलून घरी आणू नका, राणी तर नाहीच. राखीव जंगलात परवानगीशिवाय मुंगीही गोळा करता येत नाही. मोबाइलला चिकटवायचं साधं भिंग पुरतं. तीन फोटो घ्या: एक बाजूने, कंबर दिसेल असा, एक समोरून, डोकं पूर्ण दिसेल असा, एक वरून. डोक्याळ मुंगीचा आणि बारकीचा वेगवेगळा. सोबत जागा, तारीख, माती कशी होती, बिया कोणत्या गवताच्या होत्या, एवढं लिहा. दगड होता तसा परत ठेवा, नाहीतर अळ्या उन्हात मरतात. आणि फोटोखाली ‘लाल मुंगी’ असं लिहू नका.